तीन पिनांचा बोर्ड, आत दोनच वायरी

कूलर बाहेर काढायचे दिवस आलेत, म्हणून हे आत्ताच लिहितेय. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून घेतलेल्या एक्स्टेंशन बोर्डापायी माझ्या बाबांच्या जिवावर बेतलं होतं.

लोखंडी बॉडीच्या कूलरला लावायचाय, अर्थिंग पक्कं पाहिजे, असं मी दुकानदाराला आधीच सांगितलं होतं. "ताई, सोळा अँपिअरचा आहे, आयएसआय आहे, बिनधास्त न्या," म्हणाला. ३५० रुपये घेतले. बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणत कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. मी ती चिठ्ठी त्याच्या शिक्क्यासकट जपून ठेवली.

मे अखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. बाबा पाइपने कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. पत्र्याला हात लागला आणि ते मागे भिंतीवर आदळले. पायात चप्पल नव्हती, अंगण ओलं झालं होतं. दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला, पण हाताच्या मुंग्या बरेच दिवस गेल्या नाहीत.

वायरमनने कूलर तपासला. पाण्याच्या पंपाची वायर सोलली जाऊन टाकीच्या पत्र्याला टेकली होती. कूलरमध्ये हे होतंच. पाणी, ऊन आणि जुनी वायर असली की कधीतरी होणारच. त्यासाठीच तर अर्थिंग असतं. बॉडीत उतरलेला करंट तिसऱ्या वायरीने जमिनीत जातो आणि एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. मग बोर्ड उघडला. प्लगला तीन पिना, सॉकेटला तीन भोकं, आणि मधल्या केबलमध्ये दोनच वायरी. केबल गोल आणि जाड दिसावी म्हणून आत सुतळी भरलेली. अर्थची मोठी पिन कशालाच जोडलेली नव्हती. म्हणजे पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहिला आणि करंटला जमिनीत जायला बाबांच्या शरीराची वाट मिळाली.

हे मी निकृष्ट माल म्हणून सोडून देणार नाही. निकृष्ट माल लवकर बिघडतो; इथे तर नसलेलं संरक्षण आहे असं दाखवायला पिन बसवली होती. ज्याने ती बसवली त्याला आत वायर नाही हे माहीत होतं.

वायरमनने आणखी दाखवलं. वायरीचा तंतू ब्लेडने खरवडला तर आतून पांढरा, तांब्याचा नुसता मुलामा. पिनांना लोहचुंबक चिकटलं. पितळेच्या पिनांना चिकटत नाही. अशा बोर्डावर २००० वॅटचा गीझर लावला, की जवळपास नऊ अँपिअर करंट त्या पातळ तंतूंतून जाणार. वायर तापून पेटायला वेळ लागत नाही.

आता आयएसआयच्या शिक्क्याचं. आपल्याकडे प्लग-सॉकेटचं मानक आयएस १२९३ आहे. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. माझ्या बोर्डावर नुसतं चिन्ह होतं, वर-खाली काही नाही. मोबाइलवर बीआयएसचं, म्हणजे हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं, बीआयएस केअर ॲप घ्या, परवाना क्रमांक टाका. कंपनीचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही, सगळं दिसतं. दुकानात उभ्या उभ्याच करा. दुकानदार चिडला तर तिथून निघा. प्लगच्या अर्थ पिनेपासून सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत वायर अखंड जोडलेली आहे का, हे मल्टिमीटरने तपासता येतं. हे काम वायरमन मिनिटभरात करतो, बोर्ड कापावा लागत नाही. भिंतीतल्या सॉकेटलाही अर्थ आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या, जुन्या घरांत तर नक्कीच. आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. आमच्याकडे ती नव्हती. ती असती तर बाबांना झटका बसला असता, पण क्षणात वीज तुटली असती. आणि तरीही, पाणी भरताना प्लग काढूनच भरा.

दुकानदाराकडे गेले तेव्हा आधी तो ओळखच दाखवेना. चिठ्ठी दाखवल्यावर पैसे पुढे केले आणि बोर्ड परत मागितला. मी पैसे घेतले नाहीत, बोर्डही दिला नाही, कारण तोच पुरावा आहे. खोटं आयएसआय चिन्ह वापरणं हा बीआयएस कायदा २०१६ नुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड होऊ शकतो. ॲपवरून फोटोंसकट तक्रार केली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली आहे. तुमच्याकडे असा बोर्ड निघाला तर फेकू नका, दुरुस्तही करू नका. प्लग काढून ठेवा, फोटो घ्या आणि तक्रार करा. मी गेले तेव्हा त्याच बोर्डांची चळत काउंटरवर तशीच होती.