कार्टनमधलं एगनॉग कुकीजसाठी घ्यावं का?

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या बरंच आधी इथे अमेरिकेतल्या दुकानांत दुधाशेजारी एगनॉगची, म्हणजे दूध, क्रीम, साखर आणि अंड्याच्या बलकाच्या गोड, दाट पेयाची कार्टन्स दिसायला लागतात आणि जानेवारी उजाडला की नाहीशी होतात. तेवढ्या मुदतीत शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या आसपासच्या दुकानांत मिळणारी बहुतेक कार्टन्स मी घरी आणून पाहिली आहेत, पण ती पिण्यासाठी नाही, फ्रॉस्टिंग (फेटलेल्या बटर-साखरेचा थर) लावलेल्या एगनॉग कुकीजसाठी. तेव्हा हा अभिप्राय त्या कामापुरताच आहे. प्यायला कोणतं चांगलं, ते ज्यानं त्यानं आपल्या जिभेला विचारावं.

माझं मत आधीच सांगते. एक क्वार्टचं, म्हणजे चार कपांचं कार्टन जरूर आणा, पण ते सरळ पिठात ओतू नका. आटवून घ्या, आणि आटवलेल्यातलं चांगलं दाट एगनॉग फ्रॉस्टिंगसाठी राखून ठेवा. या कुकीची चव मुळात जायफळाची आणि बलकाची असते. कार्टन त्या चवीला साथ देतं, एकट्यानं ती उभी करू शकत नाही.

दुकानात उभं राहून मागची यादी मात्र नक्की वाचा. अमेरिकेत ‘एगनॉग’ या नावानं विकायचं तर एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचा नियम आहे: दुधाचं फॅट किमान ६ टक्के आणि बलकातला घन भाग वजनाच्या किमान १ टक्का. साध्या होल मिल्कमध्ये फॅट किमान ३.२५ टक्के असतं, म्हणजे एगनॉग त्याच्या दुपटीच्या जवळ जातं. पण आपण कॉफीत घालतो त्या हाफ-अँड-हाफमध्ये (दूध आणि क्रीमच्या मिश्रणात) ते किमान १०.५ टक्के असतं. मग एगनॉग त्याहून दाट का लागतं? तर बहुतेक कार्टनमध्ये गवार गम किंवा कॅराजीननसारखं दाटपणा आणणारं काहीतरी असतं, म्हणून. ग्लासातून पिताना हा दाटपणा सुखाचा वाटतो. कुकीच्या पिठाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पिठाला हवं असतं फॅट, बलक आणि वास. पाणी कमीत कमी. पिवळा रंगही बऱ्याचदा हळदीतून किंवा अनाटोमधून (बियांपासून काढलेल्या रंगातून) आलेला असतो, त्यामुळे रंग पाहून बलकाचा अंदाज बांधू नका. यादीत दूध, क्रीम, साखर आणि बलक ही चार नावं सुरुवातीलाच असतील तर ते कार्टन माझ्या टोपलीत जातं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकालाच कॉर्न सिरप असेल तर मी ते परत ठेवते. ‘लाइट’ लिहिलेलं तर या कामाला नकोच.

ऑरगॅनिक कार्टन साध्यापेक्षा दीड-दोन डॉलरनं महाग पडतं. पिणार असाल तर फरक कळतो. आटवून कुकीत घातल्यावर, यादी स्वच्छ असेल तर, साधंही तितकंच चांगलं उतरतं. मी ते वरचे पैसे जायफळावर घालवते.

आता आटवण्याबद्दल, कारण सगळी गंमत इथे आहे. न आटवता अर्धा कप एगनॉग पिठात गेलं की त्यातल्या पाण्यानं कुकी फुगते, वरून गुळगुळीत होते, आतून केकसारखी भुसभुशीत होते आणि चव पांगते. बऱ्याच पाककृती असंच सांगतात, आणि मग खाणारा म्हणतो की एगनॉग कुठे लागतंय? म्हणून रुंद, जड बुडाचं पातेलं घ्या, दोन कप एगनॉग ओता आणि मंद आचेवर ठेवा. कृती थेट बासुंदीची: कडेला धरलेली साय उलथन्यानं परत आत ढकलायची, बूड खरवडत राहायचं, कारण दूध आणि साखर दोन्ही असल्यामुळे ते पटकन लागतं. उकळी मात्र फुटू द्यायची नाही. आत बलक आहे, आच वाढली की रवाळ होतं. वाफ निघत राहील, कडेला बारीक बुडबुडे दिसतील, एवढीच धग. पाऊण तासाच्या आसपास ते निम्म्यावर येतं, फिकट पिवळा रंग बदामी होतो, आणि उलथन्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की रेघ तशीच राहते. तिथे गॅस बंद. थोडी कणी धरली असेल तर बारीक गाळणीतून गाळून घ्या. फ्रीजमध्ये ते आणखी घट्ट होतं आणि चमच्यावर उभं राहतं.

घरी एगनॉग करून वापरावं का? प्यायला घरचंच उत्तम, यात वाद नाही. पण कुकीत भाजल्यावर घरचं आणि आटवलेलं कार्टन यांतला फरक मला फारसा जाणवत नाही. फ्रॉस्टिंगमध्ये तर कार्टन जास्त सोयीचं, कारण ते पाश्चराइझ केलेलं असतं आणि फ्रॉस्टिंग काही आपण शिजवत नाही. घरचं वापरायचंच असेल तर अंड्याचं मिश्रण १६० फॅरनहाइटपर्यंत तापवून घेतलेलं हवं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं खाणार असतील तर यात सूट नाही.

जायफळाबद्दल मी हट्टी आहे. बाटलीतली तयार पूड या कुकीत घालू नका. जायफळाचा वास त्यातल्या तेलांचा, आणि पूड झाली की ती तेलं उडून जातात. अख्खं जायफळ वर्षानुवर्षं टिकतं. सुपरमार्केटच्या मसाल्यांच्या रांगेत काचेच्या बाटलीत मोजकी जायफळं भरमसाट किमतीला मिळतात. त्याच पैशात देशी दुकानात कितीतरी मोठी पिशवी येते, आणि मालही बहुतेक वेळा ताजा असतो, कारण तिथे तो खपतो. एका मध्यम जायफळातून दोन चमचे कीस सहज निघतो. सहाणेवर उगाळलेलं इथे चालत नाही. ते ओलं होतं आणि पिठात एका जागी बसतं. आपल्याला हवा कोरडा, हलका कीस. त्यासाठी मी मायक्रोप्लेनची लांब, अरुंद किसणी वापरते आणि तिची मनापासून शिफारस करते. या कंपनीच्या पात्यांची सुरुवात सुतारकामाच्या कानशीपासून झाली. नव्वदच्या दशकात कॅनडात एका बाईंनी तीच कानस संत्र्याच्या सालीवर चालवून पाहिली, आणि ती स्वयंपाकघरात आली. जायफळ तिच्यावर दाबावं लागत नाही, नुसतं वरून फिरवलं की पडतो तो कीस इतका बारीक असतो की बटरमध्ये मिसळताना दिसतही नाही. किसणी नुसती हातानं धुवून, झटकून वाळवा, डिशवॉशरमध्ये धार लवकर जाते.

पीठ सोपं आहे. २८० ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, एक सपाट चमचा जायफळाचा कीस. १७० ग्रॅम अनसॉल्टेड बटर, म्हणजे दीड स्टिक, आणि १५० ग्रॅम साखर. साखर मुद्दाम कमी, कारण आटवून पाव कप झालेल्या अर्धा कप एगनॉगमध्ये आधीच २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि वर फ्रॉस्टिंग बसणार आहे. मग दोन बलक आणि पाव कप आटवलेलं एगनॉग. पांढरं अजिबात नाही. त्यातलं पाणी आणि प्रथिनं कुकीला चिवट करतात. बटर ६५ फॅरनहाइटच्या जवळपास असावं. डिसेंबरात आमच्या स्वयंपाकघरात ते ओट्यावर तासभर राहिलं की बोटानं खळगा पडतो पण बोट तुपकट होत नाही, तीच वेळ फेटायची. बटरसोबतच जायफळ फेटा, मैद्यात नको. फॅटमध्ये वास उतरतो. पीठ मळल्यावर तासभर फ्रीजमध्ये, मग लिंबाएवढे गोळे, हलकेच दाबून ३५० फॅरनहाइटला दहा ते बारा मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी आणि मधला भाग अजून कच्चट वाटत असताना बाहेर काढा. गरम ट्रेवरच पाच मिनिटांत त्या सावरतात.

फ्रॉस्टिंगला घाई करू नका. एक स्टिक बटर पाच मिनिटं चांगलं फेटून पांढुरकं करा, मग ३०० ग्रॅम पिठीसाखर थोडी-थोडी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानातल्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतो, आणि न शिजवलेल्या फ्रॉस्टिंगमध्ये तो जिभेवर पिठूळ लागतो. ऑरगॅनिक पिठीसाखरेत बऱ्याचदा टॅपिओका स्टार्च असतो. ती घ्या, फरक पहिल्याच घासाला कळेल. मिक्सरवर घरी दळलेली साखर कितीही फिरवली तरी कचकच राहते, तिच्या वाटेला जाऊ नये. आटवलेलं एगनॉग तीन मोठे चमचे, आणि ते खोलीच्या तापमानाचं हवं. फ्रीजमधून काढून थेट घातलं तर बटर आक्रसतं आणि फ्रॉस्टिंग फाटतं. तसं झालंच तर भांडं कोमट पाण्यावर धरून परत फेटा, जुळून येतं. दोन चिमटी मीठ घाला, त्याशिवाय नुसता गोड गोळा लागतो. वरून एक छोटा चमचा डार्क रम, किंवा रम एक्स्ट्रॅक्टचे काही थेंब. मला खरी रम जास्त आवडते, एक्स्ट्रॅक्टला शेवटी एक औषधी झाक येते. मुलांच्या डब्यात जाणार असेल तर दोन्ही वगळून व्हॅनिला.

कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रॉस्टिंग लावायचं नाही, आणि लावलं की लगेच वरून जायफळ किसायचं. अर्ध्या तासानंतर किसलं तर ते चिकटत नाही, कारण तोवर वर पातळ पापुद्रा धरलेला असतो. हा पापुद्रा कामाचा आहे. दोन-तीन तासांत तो इतका कोरडा होतो की मधे पार्चमेंटचा कागद घालून कुकीज एकावर एक रचता येतात. ऑफिसच्या कुकी एक्स्चेंजला (जिथे सगळे आपापल्या कुकीज आणून वाटून घेतात) डबा घेऊन बर्फातून जायचं असतं तेव्हा हे फार महत्त्वाचं. लाल-हिरवे साखरेचे दाणे मी टाकत नाही. फिकट फ्रॉस्टिंगवर जायफळाचे तपकिरी ठिपकेच पुरेसे देखणे दिसतात.

आपल्याकडच्या पुष्कळ जणांना भीती असते ती अंड्याच्या वासाची. माझ्या सासूबाई अंडं खातात, पण वास आला की ताट सरकवतात. त्यांनी पहिली कुकी नाकाशी धरली, मोडून परत एकदा हुंगली आणि म्हणाल्या, “अगं, याला जायफळाचाच वास येतोय. अंडं घातलंयस ना नक्की?” मी म्हटलं, “घातलंय आई, दोन बलक.” त्यांनी दुसरी उचलली. कारण साधं आहे: तो वास मुख्यतः पांढऱ्याचा असतो आणि जास्त भाजल्यावर वर येतो. इथे पांढरं नाही, आणि भाजणं बेताचं.

पण जे अंडं खात नाहीत त्यांना स्पष्ट सांगा, कारण बलक पिठात आहे आणि कार्टनमध्येही. त्यांच्यासाठी ओट किंवा बदामाच्या दुधाचं कार्टन घेते. त्यावर बहुतेक वेळा नुसतं ‘नॉग’ लिहिलेलं असतं. ते आटवल्यावर खिरीसारखं दाटत नाही, आणि ओटचं तर बुळबुळीत व्हायला लागतं, म्हणून पाऊण राहिलं की थांबते. बलकांच्या जागी दोन चमचे क्रीम आणि एक चमचा कॉर्नस्टार्च. कुकी थोडी फिकट आणि खुसखुशीत होते. तिला मी एगनॉगची म्हणणार नाही, जायफळाची म्हणेन, आणि तशी ती छानच लागते.

डिसेंबरात एगनॉग-चवीची कुकी मिक्सची पाकिटंही येतात. मी आणलेल्या पाकिटात कृत्रिम बटरचा वास सगळ्यावर चढलेला होता आणि जायफळ शोधावं लागत होतं. नका घेऊ.

एक क्वार्ट म्हणजे चार कप, आणि एका घाण्याला आटवायला दोन पुरतात. उघडलेलं कार्टन पाच-सात दिवसांत संपवायला हवं, तेव्हा मी सगळं एकदमच आटवते आणि दुप्पट पीठ करते. निम्मे गोळे ट्रेवर कडक गोठवून पिशवीत भरते. ते वितळवायचे नाहीत, तसेच ओव्हनमध्ये घालायचे आणि दोन मिनिटं जास्त द्यायची. उरलेलं आटवलेलं एगनॉग बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर वितळल्यावर फुटल्यासारखं दिसतं, पण मंद आचेवर ढवळलं की परत एकजीव होतं. पिठात ते बिनधास्त घाला. फ्रॉस्टिंगला मात्र ताजंच घ्या, गोठवलेल्यानं ते थोडं दाणेदार येतं.