चेतक घ्यावी की लॅम्ब्रेटा?

जुनी स्कूटर घेऊन नीट करायची हौस आली की बहुतेकांचं घोडं या दोघींपाशी अडतं. लॅम्ब्रेटात तिची लखनौची धाकटी बहीण विजय सुपरही धरा. मी दोन्ही चालवल्यात. लॅम्ब्रेटा मामांकडून आलेली, चेतक नंतर पदरच्या पैशाने घेतलेली.

रूपात लॅम्ब्रेटा उजवी, यात वाद नको. इंजिन मधोमध असल्यामुळे तोलही छान. चेतकचं इंजिन उजव्या कुशीत, त्यामुळे गाडी त्या अंगाला जड. शिवाय लॅम्ब्रेटा काढणारा इनोचेंती हा मुळात नळ्यांचा कारखानदार. त्याच्या गाडीत नळ्यांचा सांगाडा आणि वरून पत्रा. पत्रा सडला तर बदलता येतो. चेतकमध्ये पत्रा हाच सांगाडा, म्हणून घेताना पाय ठेवायची जागा खालून जरूर ठोकून बघा. वरचा रंग फसवतो.

मग मी चेतककडे का वळलो? एका खिळ्यामुळे.

जुलै महिना, कात्रजचा घाट, मागे बायको आणि लॅम्ब्रेटाचं पुढचं चाक पंक्चर. स्टेपनी होती, हवाही होती. पण त्या चाकाला दोन्ही बाजूंनी फोर्कचे, म्हणजे चाक धरणारे, दांडे. म्हणजे आधी ब्रेकची वायर सोडवा, मग आसाचे नट ढिले करा, मग अख्खं चाक हबसकट खाली काढा. त्यात एक वॉशर चिखलात पडला. बायकोने छत्री माझ्यावर न धरता वॉशर पडला त्या जागेवर धरली, तेव्हा कुठे तो सापडला. पाऊण तास सहज गेला असेल.

चेतकचं घराणं व्हेस्पाचं, खरं तर तिच्या स्प्रिंट या मॉडेलचं. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्योबरोबरचा परवाना 1971 मध्ये संपला आणि 1972 पासून बजाजने चेतक हे नाव चालवलं. पण 1946 ची मूळ व्हेस्पा काढणारे दास्कानियो विमानांचे इंजिनिअर. त्यांनी पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. पाच नट काढा, चाक हातात. ब्रेकला हातही लावावा लागत नाही. चेतक पंक्चर झाली तेव्हा मागच्या सिग्नलला भेटलेला रिक्षावाला पुन्हा दिसायच्या आत मी निघालो होतो. (घड्याळ लावलं नव्हतं, पण वाटलं तसं.)

सकाळी तिरकी करून मग किक मारायची, ठिणगी पाडणारे पॉईंट घासायचे, हे चेतकचे लाड आहेतच. ते कुणापासून लपलेले नाहीत. पण तिचे सुटे भाग अजून पुण्याच्या नाना पेठेत हाताला लागतात. लॅम्ब्रेटाचे शोधावे लागतात, आणि जाणता मेस्त्री त्याहून जास्त.

रविवारी सकाळी मिरवायलाच गाडी हवी असेल, तर माझं फार ऐकू नका, लॅम्ब्रेटा घ्या. फक्त डिकीत दोन वॉशर जास्तीचे ठेवा.