घर बदलताना सोबत आणलेली स्वयंपाकाची साधने

मागच्या वर्षी आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि सदाशिव पेठेतला वीस वर्षांचा संसार कोथरूडच्या भाड्याच्या घरात आणावा लागला. नव्या जागेचा ओटा जेमतेम पाच फुटांचा आहे आणि खाली कपाटे दोनच, त्यामुळे जुन्या स्वयंपाकघरातले काय न्यायचे आणि काय खोक्यात भरून ठेवायचे, याचा निर्णय प्रत्येक वस्तू हातात घेऊन करावा लागला. गेल्या सहा महिन्यांत ही वस्तू किती वेळा वापरली, बिघडली तर पुण्यात ती दुरुस्त होते का आणि तिच्यामुळे पदार्थाच्या चवीत खरोखर फरक पडतो का, हे तीन प्रश्न मी प्रत्येकीला लावले. त्यातून सोबत आलेल्या साधनांबद्दल, रोज स्वयंपाक करणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा तपशिलाने, लिहीत आहे.

पहिला मान बिडाच्या तव्याचा. तुळशीबागेच्या गल्लीतून तो मी अकरा वर्षांपूर्वी आणला. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेल्या राममंदिराभोवती वाढलेली ही बाजारपेठ बाहेरच्यांना बांगड्या आणि कपड्यांसाठी माहीत असते, पण पितळेची पूजेची भांडी, झारे, उलथनी, सोरे आणि तवे यांच्यासाठी पुण्यातल्या बायका आजही तिथेच जातात. बिडाचा तवा घेताना तो उलटा धरून टिचकी मारावी. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ओतकाम निर्दोष आहे असे समजावे आणि आवाज बद्द आला तर बारीक तडा असण्याची शंका घ्यावी. पृष्ठभागावरून बोट फिरवल्यावर वाळूच्या कणांसारखा सारखा खरखरीतपणा लागला तरी चालतो, मात्र खड्डे असू नयेत.

नवा तवा लगेच कामाला येत नाही, तो मुरवावा लागतो. माझ्या सासूबाईंनी तो दोन दिवस भाताच्या पेजेत बुडवून ठेवला, मग घासून, कोरडा करून मंद आचेवर तापवला आणि अर्ध्या कापलेल्या कांद्याने त्यावर तेल घासले. धूर येईपर्यंत तापवायचे, गार होऊ द्यायचे, पुसून पुन्हा तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, असे चार-पाच वेळा झाले. या तापवण्यात तेलाचे रूपांतर धातूला घट्ट धरून बसणाऱ्या कडक, काळ्या थरात होते आणि हाच थर पुढे घावनाला चिकटू देत नाही. पहिले चार घावन तुटतात, त्याने धीर सोडू नये. आमच्या तव्यावर दुसऱ्या महिन्यापासून आंबोळी नुसत्या कडेला उलथने लावताच सुटू लागली.

बीड ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता सावकाश पसरवते, पण एकदा तापले की धरूनही ठेवते. म्हणून हा तवा मंद आचेवर सहा-सात मिनिटे तापू द्यावा लागतो, मोठ्या आचेवर घाई केली तर मध्यभाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. या स्वभावाचा खरा लाभ थालीपिठाला होतो. भाजणीचे थालीपीठ तव्यावरच थापून, मध्ये एक आणि भोवती चार भोके पाडून त्यात थेंब-थेंब तेल सोडले आणि वर झाकण ठेवले की तीन-चार मिनिटांनी चर्र आवाज बारीक होत जातो आणि भोकांच्या कडा तपकिरी दिसू लागतात. त्या क्षणी झाकण काढले तर खालची बाजू सर्वत्र एकाच रंगाची, खुसखुशीत निघते. पातळ नॉनस्टिक तव्यावर असा खरपूस रंग मला कधी मिळाला नाही. नॉनस्टिकचे दोन तवे आमच्याकडे होऊन गेले, दोन्हींचे लेपन मधोमध करडे पडून सुटू लागले. तो लेप साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याचे विघटन सुरू होते आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तेवढे तापमान काही मिनिटांतच गाठले जाते. बिडाला ही भीती नाही. त्याला भीती आहे ती पडण्याची आणि तापलेला असताना गार पाण्याखाली धरण्याची, कारण बीड ठिसूळ असते आणि तडकते.

दुसरे साधन विळी, काही घरांत जिला मोरळी म्हणतात. सुरीवर हात बसलेल्या नव्या पिढीला हा आग्रह जुनाट वाटेल, तरी माझे मत ठाम आहे की मेथी, कोबी, गवार आणि फणस यांच्यासाठी विळीला तोड नाही. सुरीने चिरताना एक हात भाजी धरतो आणि दुसरा पाते चालवतो. विळीचे पाते मात्र जागीच असते, पाटावर गुडघ्याचा भार दिलेला असतो आणि दोन्ही हात भाजीला मोकळे मिळतात. त्यामुळे मेथीची अख्खी जुडी मुठीत आवळून पात्यावर पुढे सरकवता येते आणि पाने चुरगळत नाहीत. विळीच्या टोकाला असलेली दातेरी खोवणी हा तर वेगळाच लाभ. नारळाची वाटी तिच्यावर हलक्या हाताने, एका लयीत फिरवली तर पांढराशुभ्र, रव्यासारखा चव पडतो. हात जड पडला की करवंटीजवळची तपकिरी साल त्यात येते आणि उकडीच्या मोदकाचे सारण काळपट दिसते. मिक्सरमधून काढलेल्या खोबऱ्याला हा मोकळेपणा नसतो, त्यातून दूध सुटते आणि सारण चिकट होते.

पाते घेताना लोखंडी की स्टीलचे, हा प्रश्न दुकानदार विचारतोच. लोखंडी पात्याला धार लवकर लागते आणि ती बोलकी असते, पण ते गंजते आणि वांगे, कच्चे केळे, कैरी यांना काळे पाडते, कारण या भाज्या-फळांतील तुरट द्रव्यांची लोखंडाशी प्रक्रिया होते. मी लोखंडीच वापरते, काम होताच पुसून तेलाचे बोट फिरवते आणि वांगी स्टीलच्या सुरीने चिरते. ज्यांना खाली बसणे जमत नाही त्यांच्यासाठी ओट्यावर हवेच्या दाबाने चिकटून बसणारी घडीची विळी मिळते, बाजारात तिला किचन प्रेस म्हणतात. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ती घट्ट बसते, खडबडीत कडाप्प्यावर मात्र सुटते, त्यामुळे आपला ओटा कसा आहे ते पाहूनच ती घ्यावी. घरात लहान मूल असेल तर कोणतीही विळी वापरून झाल्यावर घडी करून वरच्या फळीवर गेलीच पाहिजे.

कुकरविषयी थोडक्यात लिहिणार होते, पण रोजच्या वरणभाताचा तो आधार आहे. आमचा पाच लिटरचा उभा कुकर आहे, ज्यात खाली तूरडाळ, मध्ये भात आणि वर भाजी किंवा बटाटे असे तीन डबे एकावर एक बसतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळते, तर कुकरच्या आत दाबामुळे ते सुमारे 120 अंशांपर्यंत जाते. डाळ लवकर शिजते ती या वीस-बावीस अंशांमुळे. म्हणूनच शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजणे मला अधिक खात्रीचे वाटते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि भिजवलेल्या तूरडाळीला तिथून दहा मिनिटे द्यावीत. आत दाब टिकून असतो, गॅस कमी लागतो आणि ओट्यावर पिवळे फवारे उडत नाहीत. खरेदी करताना आयएसआय चिन्ह आणि आयएस 2347 हा मानक क्रमांक पाहिल्याशिवाय कुकर घेऊ नये. आतल्या झाकणाचा कुकर दाब असेपर्यंत उघडतच नाही, म्हणून नवशिक्यांना मी तो सुचवते, मात्र एकावर एक डबे लावणाऱ्यांना बाहेरच्या झाकणाचा रुंद तोंडाचा कुकर सोयीचा पडतो. रबर सैल पडले की वाफ कडेने जाऊ लागते. ते वेळीच बदलावे आणि आपल्याच कुकरच्या मापाचे, मूळ कंपनीचे घ्यावे.

पुरणयंत्र वर्षातून चार-पाच वेळाच निघते आणि तरीही ते सोबत आणले, कारण होळीच्या आदल्या दिवशी त्याच्यावाचून अडते. शिजलेली हरभराडाळ चाळणीत निथळून कट बाजूला काढायचा, डाळ गुळात आटवायची आणि ती गरम असतानाच यंत्रातून फिरवायची. गार झालेले पुरण जाळीत अडकते आणि हाताला ताकद लावावी लागते. ॲल्युमिनियमचे यंत्र हलके असते, पण माझ्या अनुभवात त्याच्या दांड्याचा आटा दोन-तीन वर्षांत झिजला. आताचे स्टीलचे आहे, त्याच्या तीन जाळ्यांपैकी मधली पुरणाला योग्य. बारीक जाळीतून पुरण गंधासारखे येते, मात्र वेळ दुप्पट लागतो.

चकलीचा सोऱ्या आईचा आहे. पितळी, चांगला वजनदार आणि त्याच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले तिचे सासरचे नाव आणि 1974 हे साल. इतक्या वर्षांत त्याचा फिरवण्याचा आटा जराही सैल झालेला नाही. दाबून पाडायच्या हलक्या सोऱ्यात घट्ट पीठ भरले की तळवे दुखतात आणि चकलीचे काटे मोडतात, याउलट फिरकीच्या सोऱ्यातून भाजणीचे पीठ एकसारख्या जोराने उतरते. नवा घ्यायचा असेल तर दुकानातच दांडा पूर्ण खालपर्यंत फिरवून पाहावा आणि चकती बसते त्या खाचेत फट दिसली तर तो घेऊ नये.

तांब्याचे एकच पातेले सोबत आले. ते कसबा पेठेतल्या तांबट आळीतले, मठारकाम केलेले. लहान हातोडीने सलग ठोके देत काढलेले हे गोल ठसे शोभेसाठी आहेत असा समज असतो, परंतु ठोकल्याने पत्रा कडक होतो आणि भांड्याला चटकन पोचा येत नाही, हा त्यामागचा खरा हेतू. भांडे वजनावर विकले जाते, त्यामुळे काट्यावरचा आकडा स्वतः पाहावा. स्वयंपाकासाठी आतून कल्हई हवीच, कारण आंबट पदार्थात तांबे उतरते. कल्हई करणारा भांडे तापवून नवसागराने आतला मळ काढतो आणि कथलाची कांडी टेकवून वितळलेला धातू कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पसरवतो. दोन मिनिटांत लाल पोट चांदीसारखे होते, ते पाहत उभे राहावे असेच काम आहे. कथील 232 अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडे कधीही रिकामे आचेवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये. या पातेल्यात मी साखरभात आणि शिरा करते, कारण तांब्यात उष्णता सगळीकडे सारखी पोचते आणि रवा तळाला लागत नाही.

आधुनिक उपकरणांपैकी 750 वॉटचा मिक्सर अर्थातच आला, मात्र लसूण-मिरचीचा ठेचा आणि वेलची-जायफळ यांसाठी दगडी खलबत्ताच बाहेर निघतो. पात्याने कापलेली मिरची आणि ठेचलेली मिरची यांची चव एक नसते. पाच किलोपर्यंत एकेका ग्रॅमने मोजणारा डिजिटल वजनकाटा मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपकरण वाटतो. आईच्या वाट्या-मुठींचे भाजणीचे माप एकदा ग्रॅममध्ये लिहून ठेवले, तेव्हापासून धाकट्या बहिणीची आणि माझी चकली एकसारखी होऊ लागली.

दोरी ओढून भाजी चिरणारा चॉपर मागे राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याची दोरी तुटली, दुकानदाराने सुटा भाग मिळत नाही असे सांगितले आणि कांदा तर तो चालू असतानाही चिरण्याऐवजी चेचत असे. अंडी, सफरचंद, मका यांच्यासाठीची एकेका कामाची प्लास्टिकची साधनेही देऊन टाकली.

पाटा-वरवंट्याचा निर्णय सर्वांत जड गेला. भाड्याच्या घरात तो ठेवायला कोरडी जागा नाही, म्हणून सध्या तो भावाच्या घरी पोत्यात गुंडाळलेला आहे. नव्या इमारतीच्या आराखड्यात स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत पाट्यापुरती दोन फुटांची जागा आणि शेजारी एक नळ मी आत्ताच मागून घेतला आहे.