कुडाळ ते न्यूयॉर्क: थेट जावं की अबुधाबीमार्गे?

लेक-जावई न्यूजर्सीला, आई-बाबा कुडाळात. तिकीट काढायला बसलं की पहिला वाद हाच: मुंबईहून थेट विमान घ्यावं की आखातात बदलावं? "बदलून गेलं तर लांबचा वळसा पडतो," असं जो तो छातीठोकपणे सांगतो. आकडे काही तसं म्हणत नाहीत.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मुंबई ते अबुधाबी १,९७० आणि तिथून न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, म्हणजे साधारण १३,०००. जास्तीचे ५०० किलोमीटर, विमानाला अर्धा-पाऊण तास. लंडनमार्गे तर २०० च जास्त पडतात. शिवाय थेट विमानाची सर्वांत जवळची वाट मुंबईहून वायव्येला, पाकिस्तानवरून वर चढते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा 'थेट' विमानालाही समुद्रावरून वळसा घालावा लागला.

वेळेचं गणित वेगळं. थेट गेलात तर १६ तासांच्या आसपास एकाच खुर्चीत. अबुधाबीमार्गे तीन-सव्वातीन तास, मग तिथला मुक्काम, मग १४ तास. सगळं धरून २१-२२. पण त्या मुक्कामात एक मोठं काम उरकतं. अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी अबुधाबीलाच होते. न्यूयॉर्कला उतरलं की बॅगा घ्यायच्या आणि बाहेर पडायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथल्या रांगेत उभं राहायला लागत नाही, हे मला पाच तासांपेक्षा मोलाचं वाटतं. मध्ये तीन तास तरी हवेत, त्याहून कमी वेळेचं तिकीट घेऊ नका.

आता खरी मेख. हे सगळे तास मुंबईपासूनचे. कुडाळहून मुंबई गाठणं हाच प्रवासातला बेभरवशाचा तुकडा. रात्रीच्या विमानासाठी त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबू नये, पावसाळी वेळापत्रकात तर नाहीच. आदल्या रात्री कोकणकन्येत बसा, पहाटे ठाण्याला उतरा, दिवसभर डोंबिवलीच्या भावाकडे पाय पसरा. हे जमत नसेल तर मोपा, म्हणजे गोव्याचा नवा विमानतळ. बांद्यापलीकडेच आहे, मुंबईपर्यंत सव्वा तासाचं उड्डाण. फक्त दोन गोष्टी बघा. मुंबईचं आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर असू दे, म्हणजे पहिलं रखडलं तर पुढची सोय कंपनीने करायची. आणि ते विमान नवी मुंबईला उतरणारं नाही ना, हेही तपासा. तिथून सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, सामान ओढत जाण्यात आधीच्या तासांची सगळी बचत संपते.

इंग्रजीची भीती असेल, सोबत कोणी नसेल, तर मात्र थेटच जावं. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवायची, चालता येत असलं तरी.

परतीला पश्चिमेचं वारं पाठीशी असतं, थेट विमान १४ तासांच्या आसपास पोचतं, आणि अबुधाबीच्या तपासणीचा फायदाही तेव्हा नसतो. म्हणून जाताना अबुधाबी, येताना थेट, ही माझी पसंती. दोन कंपन्यांची एकेरी तिकिटं महाग पडतात, तेवढा हिशेब आधी करून घ्या.