आयएचआयपीचा ‘एस’ फॉर्म: रकाने उत्तम, भरणीवर सगळं अवलंबून

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही, उपकेंद्रातच नुसत्या लक्षणांवरून साथ हेरायची, यासाठी सरकारी आरोग्य यंत्रणेचा ‘एस’ (सिंड्रोम, म्हणजे लक्षणसमूह) फॉर्म आहे. 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो कागदावर, सोमवार ते रविवार असा आठवड्याचा होता. एप्रिल 2021 मध्ये आयएचआयपी (एकात्मिक आरोग्य माहिती मंच) हे ऑनलाइन पोर्टल देशभर आलं आणि रोजच्या रोज, गावनिहाय नोंद शक्य झाली. ‘पी’ फॉर्म डॉक्टरांचा, ‘एल’ प्रयोगशाळेचा. त्या दोघांपर्यंत रुग्ण पोचतो तोवर गावात बरंच काही होऊन गेलेलं असतं.

रकाने विचारपूर्वक केलेत. ताप 7 दिवसांच्या आतला की वरचा, सोबत पुरळ, रक्तस्राव की भ्रमिष्टपणा, जुलाबात जलशुष्कता आहे का, रक्त पडतंय का, कावीळ, 15 वर्षांखालच्या मुलाचा अचानक लुळेपणा. निदान लिहायचंच नसल्यामुळे ‘हा डेंगी म्हणू की चिकुनगुनिया’ हा पेच तो भरणाऱ्या एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला, पडत नाही.

धोक्याचे आकडे पाठच हवेत. 1000 वस्तीत वेगवेगळ्या घरांत मिळून काविळीचे दोनहून जास्त रुग्ण. लुळेपणाचा एकही. आणि 5 वर्षांवरच्या एकालाही जुलाबाने तीव्र जलशुष्कता झाली किंवा तो दगावला तर लगेच कळवायचं. पाच वर्षांवरचाच का? लहानगी एरवीही जुलाबाने सुकतात; धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडला तर पटकीची शंका घ्यायलाच हवी.

घोळ होतो तो भरणीत. चार वाड्यांचे रुग्ण मुख्यालयाच्या गावावर एकत्र टाकले की नसलेली साथ दिसते आणि असलेली लपते. रकाना रिकामा सोडला तर रुग्ण नव्हते की सेविका लसीकरण सत्रात होती, हे वर कुणालाच कळत नाही. म्हणून शून्य असेल तर शून्यच भरा. आठवड्याची नोंद सोमवारी एकदम उरकली, तर पोर्टल नवं आणि वेग 2004चाच. खाजगी दवाखान्यात गेलेला रुग्ण तर इथे येतच नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे आशाताईंनी मेडिकलवर चौकशी करावी: ओआरएसची पाकिटं एकाएकी जास्त खपतायत का?

एक उणीव मात्र फॉर्मचीच. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन लुळेपणा आणणारा आजार) रुग्ण वाढले, त्यांत प्रौढही होते. लुळेपणाचा रकाना पोलिओ डोळ्यांसमोर ठेवून आखलेला, त्यामुळे चाळिशीतला माणूस त्यात बसत नाही. तो ‘इतर’मध्ये जातो, आणि ‘इतर’ रोज उघडून बघतं कोण? पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. या जंतूच्या जुलाबानंतर लुळेपणा साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. म्हणजे इशारा जुलाबाच्या रकान्यात आधी उमटू शकतो.

काविळीतही हेच. संसर्गापासून डोळे पिवळे व्हायला हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये महिना सहज जातो. म्हणून ‘काल पाणी कुठलं प्यालात’ विचारून उपयोग नाही. महिन्यापूर्वी पाइप कुठे फुटला होता, गटार कुठे तुंबलं होतं, ते विचारा. आकडा ओलांडला की त्याच दिवशी शेवटच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) घ्या. क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमहून कमी भरलं तर जलसुरक्षकाच्या (गावात पाणी शुद्ध करणाऱ्याच्या) टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, साठा आणि तारीख तपासा, जुनी पावडर दमदार दिसली तरी तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं. जुलाबाची साथ असेल तर गुदमार्गाचा स्वॅब अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू टिकवणाऱ्या माध्यमात घ्या.

आमच्या मते पाचपैकी साडेतीन. रोज भरलं जातं तिथे चार.