पट्टीखाली काहीच नव्हतं

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस होऊन गेला आणि आमच्या कराडच्या गल्लीत टेम्पो आला. हौद्यात हिरव्यागार पिशव्या. ‘हापूसची कलमं, थेट देवगडची.’ एकाचे ३५० रुपये. घासाघीस करून ६ कलमं १८०० ला घेतली आणि वर स्वतःवरच खूश झालो. प्रत्येक खोडाला वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली. पोरगा बोलायला गोड. जाताना बजावून गेला, “काका, दोन वर्षं पट्टी सोडायची नाही हं. सांध्याला हवा लागली की कलम मेलंच समजा.”

मीही शहाण्यासारखं ऐकलं. झाडं काय जोमात वाढली!

यंदा मला कोय कलमाची हौस आली. संगमेश्वरचे साडूभाऊ आले होते, त्यांनीच शिकवलं. रायवळच्या, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या, कोया ओल्या वाळूत रुजत घालायच्या. कोंबाची पानं तांबूस आहेत तोवर, म्हणजे १०-१५ दिवसांत, काम उरकायचं. कोयीच्या वर तीन-चार बोटं सोडून शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या काडीला पाचरीसारखा छेद घेऊन आत बसवायची आणि पट्टी आवळायची. मी १० बांधली, ४ जगली. “पहिल्या खेपेला वाईट नाही,” साडूभाऊ म्हणाले.

त्यांच्या बागेतली जुनी कलमंही त्यांनी दाखवली होती. पाचर बसते तिथे खोड जरासं फुगतं, खालची-वरची साल वेगळी दिसते, तिरकी खूण राहते. ते डोक्यात होतं, म्हणून टेम्पोवाल्याच्या झाडांपाशी ब्लेड घेऊन बसलो.

पट्टी कापली. खाली काहीच नव्हतं! बुडापासून शेंड्यापर्यंत एकसलग साल, पट्टीच्या जागी फिकट पडलेली आणि पट्टी रुतून वळ उठलेले. रायवळ रोपाला नुसती पट्टी बांधली होती. पाच झाडं तशीच. सहावं मात्र खरंच कलम केलेलं निघालं, पण मेलेलं. काडी वाळून नखाएवढं काळं थुटूक उरलं होतं आणि खालून खुंटाचा, म्हणजे ज्यावर काडी बांधतात त्या रायवळ रोपाचा, फुटवा फोफावला होता. त्यालाच मी वर्षभर हापूस म्हणून पाणी घालत होतो.

कलम चार-पाच वर्षांत धरायला लागतं, रोपाला आठ-दहा वर्षं लागतात. तोवर कोण कुठला टेम्पोवाला सापडतोय? आत्ताच त्याचा फोन बंद लागतो. पावती नाही, नर्सरीचं नाव नाही. फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, राज्यात १९६९ पासून तसा कायदा आहे, पण टेम्पोपाशी उभं असताना परवाना विचारायचं कुणाला सुचतं?

सांधा जुळला की पट्टी काढावीच लागते, नाहीतर खोडाला गळफास बसतो. तेव्हा विकणाऱ्यालाच सांगा, “एकाची सोडून दाखव.” कां-कूं करायला लागला की पाकीट खिशात. दापोलीला कृषी विद्यापीठात, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्रात खात्रीची कलमं मिळतात. मला तिकडे जायचा कंटाळा आला होता, एवढंच.

झाडं उपटणार होतो, पण साडूभाऊ म्हणाले, “अहो, खुंट आयते मिळालेत की!” श्रावणात त्यांच्याकडच्या काड्या आणून पाचांच्या कोवळ्या फुटीवर बांधल्या. दोन फुटल्यात. तिसऱ्याचा डोळा कालपासून जरा टपोरा वाटतोय.