सीनियरचं चेंबर की विधी सेवा: ठाण्यात सुरुवात कुठून करावी?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं कोर्ट नाक्यावर भेटली की हमखास विचारतात, "कॉर्पोरेटमध्ये जायचं नाही, गरिबांच्या केसेस लढायच्यात. सीनियर धरू की विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करू?" म्हणजे अनुभवी वकिलाच्या चेंबरमध्ये ज्युनियर व्हायचं, की गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेत जायचं. मी दोन्हीकडे काम केलंय. त्यामुळे उत्तर अगदी तटस्थ असणार नाही, हे गृहीत धरूनच पुढे वाचा.

संस्थांची तिसरी वाट आधी उरकतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो, मुंबईत स्त्रियांच्या खटल्यांसाठी 'मजलिस' आहे. कामाबद्दल शंकाच नाही. पण पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली या दोन्ही गोष्टी बार कौन्सिलच्या नियमांत एकत्र बसत नाहीत. रुजू होण्याआधी 'वकीलपत्रावर माझं नाव असेल ना?' एवढं विचारून घ्या. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. तो रस्ता उघडा ठेवायचा असेल तर या प्रश्नाला जास्तच महत्त्व.

आता चेंबर. काम शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. रोजनामा (कोर्टातली रोजची नोंद) कसा वाचायचा, सरकारी वकिलांचा 'से' म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं लवकर कसं मिळवायचं, उलटतपासणीत कुठे थांबायचं, हे कोणी वर्गात शिकवत नाही. सकाळी भाडेकरूचा वाद, दुपारी चेक बाउन्स, मध्येच रिमांड. हात सगळीकडे फिरतो. पैशाचं म्हणाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरी ज्युनियरला दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, एवढंच. माझ्या ओळखीत तेवढे मिळणारे फार नाहीत. पण घर ठाण्यातच असेल तर काही काळ निभतं.

माझं बिनसलं ते पैशावरून नाही, म्हणजे माझ्या पैशावरून नाही. फीच्या फोनवरून. चेंबरमध्ये ज्युनियरकडे एक काम न सांगता येतं: पक्षकाराच्या घरी फोन करून उरलेल्या फीची आठवण करणं. मुलगा आत, आई कळव्याच्या चाळीत, जामीन अर्ज टाईप होऊन फाइलमध्ये तयार. तो दाखल करायचा राहिलाय कारण दुसरा हप्ता आलेला नाही. आई विचारते, "साहेब, या तारखेला होईल ना?" आणि आपण म्हणतो, "ताई, तुम्ही तेवढं बघा, मग करू." सीनियर वाईट माणूस नव्हता, उलट शिकवण्यात हात आखडता घेत नसे. चेंबरचं भाडं, कारकुनाचा पगार त्यालाही द्यायचाच होता. तरी त्या फोननंतर जेवण जायचं नाही. जामीन कायद्यावर अडला तर वकील भांडू शकतो. हप्त्यावर अडलेल्या जामिनासाठी कोणाशी भांडणार?

विधी सेवेत तो फोन नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न विचारत नाही. स्त्रिया आणि मुलांचंही नाही. 2022 मध्ये आलेल्या बचाव वकिलांच्या योजनेत सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो. पॅनेलवर, म्हणजे प्राधिकरण केस देतं त्या वकिलांच्या यादीत, यायला मात्र तीन वर्षं लागतात. म्हणजे नव्या पोराला खरा दरवाजा सहायक पदाचाच.

उणिवा आहेतच. सहायकाचं काम कंत्राटी, फक्त फौजदारी, आणि खासगी मॅटर एकही घेता येत नाही. फाइली अंगावर येतात. पक्षकाराच्या घरच्यांना फुकटच्या वकिलावर भरवसा नसतो. दागिना गहाण टाकून खासगी वकील केलेले लोक मी पाहिलेत. ठाण्याचा तुरुंग कोर्टापासून चालत जाण्यासारखा, पण आपला माणूस तळोज्याला असला तर खारघरपर्यंत गेलेला दिवस गेलाच म्हणायचा.

पण इथे एक काम करता येतं, जे चेंबरमध्ये सहसा कोणी करत नाही. तुरुंगाची यादी घेऊन बसायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नको, आणि दुसरी केस प्रलंबित नको. हा हिशोब करायला ना फी लागते ना ओळख. यादीत बोट ठेवून अर्ज करायचा, आणि कोर्टाने जामीनदार मागितलाच तर तो कुठून आणायचा या पुढच्या डोकेदुखीला लागायचं.

घरी कमावणारे तुम्ही एकटेच असाल आणि कंत्राटी कामाची जोखीम परवडत नसेल, किंवा पुढे दिवाणी बाजू करायची असेल, तर चेंबरच बरं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बाकीच्यांनी सहायक पदाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. सनद मिळायला वेळ असेल तर आत्ताच विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. कायद्याचे विद्यार्थी त्यात चालतात, आणि आतलं काम झेपतं का हे अर्ज करण्याआधीच कळतं. निवड झाली नाही तर सीनियर धरायचाच आहे. फक्त भरपूर फौजदारी केसेस असलेला बघा, आणि फीचे फोन कोण करतं ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.